आत्याला उचलायचं नाही

आमच्या घरात कुणी रडत असो, आजारी असो किंवा नुसतं दारात अडून उभं असो, बाबांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो, "उचलू का?" त्यांचा तरी काय दोष! धंदाच तो आमचा. बाबा, धाकटे काका आणि काकांचा मुलगा, ज्याला सगळं गाव क्रेन म्हणतं, हे तिघे लोकांची कपाटं, पलंग, फ्रिज एका घरातून काढतात आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवतात. टेम्पो काका चालवतात. फोन मी घेते. आणि काच आत्या बांधते.

आत्या म्हणजे बाबांच्या पाठची बहीण. गोदामाच्या खिडकीपाशी एक लांब टेबल आहे. तिथं ती तिच्या चाकाच्या खुर्चीत बसून लोकांचे कप, बशा, फुलदाण्या, आरसे कागदात गुंडाळते आणि खोक्यांत भरते. लहानपणी एक ताप आला, तो जाताना तिच्या पायांतली ताकद घेऊन गेला. हातांत मात्र दुप्पट ठेवून गेला असावा. बरणीचं झाकण निघत नसलं की क्रेनसुद्धा मान खाली घालून ती बरणी आत्याकडे आणतो. जीभही हातांसारखीच. तिनं बांधलेली काच कधी फुटत नाही, पण तिच्या बोलण्यानं भल्याभल्यांना तडा जातो.

सामान उचलायची बाबांची एक पद्धत आहे. मोठ्या कपाटाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, आणि ओरडण्यात दम जातो. म्हणून बाबा कपाटावर बोटानं दोनदा टकटक करतात. टकटक झाली की दोन्ही बाजूंनी उचलायचं. उतरवतानाही तसंच. इतकी वर्षं हे चाललंय, की घरात कुणी सहज टेबलावर बोटं वाजवली तरी काकांचे गुडघे वाकतात.

हीच पद्धत आत्यालाही लागू होती. कुठं पायऱ्या आल्या, चढ आला, वाळू आली, की बाबा तिच्या खुर्चीच्या हातावर टकटक करायचे आणि आत्या वर. टेकडीचा माथा झाला, धबधबा झाला, समुद्र झाला, पडक्या किल्ल्याचा बुरूज झाला. धडधाकट माणसांनी पाहिल्या नसतील इतक्या जागा आत्यानं पाहिल्या. तिचं कोपर कधी चौकटीला घासलं नाही, की खुर्चीचं चाक कधी भिंतीला लागलं नाही. बघणारे म्हणायचे, भाऊ असावेत तर असे! बाबा वरवर "त्यात काय एवढं" म्हणायचे आणि घरी येऊन ते वाक्य आईला दोनदा सांगायचे. सगळे खूश होते. आत्या खूश आहे की नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ती कधी कशाला नाही म्हणाली नव्हती.

गोदामाच्या खिडकीतून सार्वजनिक बागेतल्या झाडांचे शेंडे दिसतात. त्या झाडांच्या खाली, उतारावर, एक मोठं तळं आहे. तिथं जायला दगडी पायऱ्या होत्या, उंच आणि वाकड्यातिकड्या, त्यांवरून बाबांनी आत्याला कितीदा तरी उचलून नेलं होतं. आत्यानं बाग खात्याला फोन करायला सुरुवात केली. तळ्यापर्यंत चाकं जातील असा रस्ता करा, हे तिचं एकच मागणं. तिथल्या साहेबांच्या तिनं अक्षरशः नाकी नऊ आणले. साहेब रजेवर असले तर ती शिपायाला सांगायची, शिपाई जेवायला गेला असला तर फोन उचलणाऱ्या सफाईवाल्याला. "तुमचा साहेब बदलून गेला तरी मी आहेच," असं ती सांगायची. एक साहेब खरंच बदलून गेले. नवे आले, त्यांनाही हिनं पहिल्याच आठवड्यात गाठलं.

बाबांना हे काही कळेना. "तळंच बघायचंय ना? रविवारी जाऊ. पायऱ्या आहेत तर आहेत. आम्ही मेलोय का?"

"मरू नका," आत्या म्हणायची, "पण मला रस्ता हवाय."

शेवटी गंगेत घोडं न्हालं. पायऱ्यांच्या शेजारून, झाडांमधून वळणं घेत खाली उतरणारा छान गुळगुळीत रस्ता झाला. मधे मधे दम खायला सपाट जागा, एका बाजूला कठडा, आणि शेवटी पाण्यावर पुढं आलेला लाकडी फळ्यांचा ऐसपैस ओटा. बागेच्या फाटकावर निळ्या पाटीवर चाकाच्या खुर्चीचं चित्रही लागलं. उद्घाटनाच्या आधी साहेबांनी स्वतः आत्याला फोन केला. रस्ता बरोबर झालाय का हे बघायला यायचं, तुम्हीच चालवून दाखवा, म्हणाले. आत्या त्या दिवशी इतकी खुशीत होती, की तिनं क्रेनला एकदाही शिवी दिली नाही.

झालं! घरातलं लग्न असल्यासारखे आम्ही सगळे टेम्पोत बसून निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकाशी साहेब भेटले. चेहरा दमलेला, पण माणूस सभ्य. आत्यानं हातमोजे चढवले आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत उतरायला लागली. पुढं ती, मागं साहेब, त्यांच्या मागं आमची वरात. आत्या वळणावर सावकाश व्हायची, सपाटीवर मोकळी सोडायची. तिच्या पाठीकडं बघून मला हसू येत होतं, कारण पाठसुद्धा हसताना दिसते हे मला तेव्हा कळलं.

रस्ता संपला. पुढं लाकडी ओटा. पण रस्त्याच्या आणि ओट्याच्या मधे एक पायरी राहिली होती. वीतभर उंच. रस्ता करणारे वेगळे, ओटा ठोकणारे वेगळे, आणि दोघांनी एकमेकांना विचारलेलं नसणार. आत्या पायरीशी थांबली. तिनं तोंड उघडलं, साहेबांकडं वळायला लागली, आणि तेवढ्यात खुर्चीच्या हातावर आवाज झाला. टकटक.

बाबांनी तो मुद्दाम केला नव्हता, शपथेवर सांगते. पायरी दिसली आणि बोटं आपोआप वाजली. बोटं वाजली म्हणून काका डावीकडून वाकले, क्रेननं मागून धरलं, आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत आत्या ओट्यावर. साहेब तेव्हा एका झाडावरचा पक्षी बघत होते. त्यांनी मान वळवली तर आत्या पाण्यापाशी. "वा! छान! काहीच अडचण नाही," ते म्हणाले, सगळ्यांशी हात मिळवले, उद्घाटनाला या म्हणाले, आणि गेले.

आत्या एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, आनंदानं गप्प झाली. थोड्या वेळानं बाबांनी परत टकटक केली आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर ती जी फुटली! आधी तिनं चहा नाकारला. मग म्हणाली, "दादा, तू माझ्या वर्षानुवर्षांच्या फोनांवर पाणी ओतलंस."

"मी? अगं, मी काय केलं? पोचलीस ना तू तळ्यापर्यंत?"

"मी पोचले नाही. मला पोचवलं. कपाटही पोचतं."

बाबा गोरेमोरे झाले. काका काहीतरी पुटपुटले, की एवढीशी पायरी, त्यात काय. उचलली जीभ लावली टाळ्याला! आत्या त्यांच्याकडं वळली.

"तुम्ही मला कुठं कुठं नेलंत, मी कधी विसरणार नाही. पण एका तरी ठिकाणी मी माझ्या मनाला येईल तितका वेळ बसले का? तुम्ही खाली ठेवता, कंबर सरळ करता आणि उभे राहता. घाम पुसता. मी समुद्र बघायचा की तुमचा घाम? मी म्हणते, थोडं थांबू या. दादा, तू म्हणतोस, थांब की. आणि उभाच राहतोस. उभ्या माणसाला ताटकळत ठेवून बसवतं का कुणाला? मग तू म्हणतोस, निघायचं का, आणि खुर्चीवर वाजवतोस. संपली माझी सहल. जाणं तुमच्या हातात, म्हणून येणंही तुमच्या हातात. मला एकदा एकटीनं जायचंय, दादा. आणि मला वाटेल तेव्हा परत यायचंय."

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती, तो आवाज थांबला. बाबा कितीतरी वेळ आपल्या हातांकडं बघत बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आत्याचंही वाटलं. आणि कोण बरोबर आहे याबद्दल मला जराही शंका नव्हती.

"मग आता?" बाबांनी विचारलं.

"आता उद्घाटन होईल, कामगार दुसऱ्या कामावर जातील, आणि ती वीतभर पायरी माझ्या तेराव्यालाही तिथंच असेल. त्याच्या आत साहेबांना परत आणायचं," आत्या म्हणाली आणि फोन ओढला.

साहेब ऐकेनात. "बाई, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तुम्ही ओट्यावर होतात." त्यांचंही खरंच होतं. पण आत्याला ओळखणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, की तिला हो म्हणून मोकळं होणं हाच सोपा मार्ग. साहेब परत यायला तयार झाले.

खरी पंचाईत पुढं होती. साहेब येतील, पायरी येईल, आणि हे तिघे? बाबांनी आईची शपथ घेऊन सांगितलं, की मी हात लावणार नाही. त्याच संध्याकाळी आत्या गोदामाच्या उंबऱ्याशी आली, बाबांच्या दोन्ही हातांत दोऱ्याची गुंडाळी होती, ती त्यांनी टाकून दिली आणि टकटक केली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाबा स्वतःवरच इतके चिडले की जेवले नाहीत. क्रेननं सुचवलं, आपण घरीच राहू या. पण आत्या म्हणाली, "नाही. तुम्ही हवेत. तुम्ही असूनही मी अडते, हे त्यांना दिसू दे."

साहेब यायचे होते त्या दिवशी बागेच्या फाटकाशी आत्यानं आइस्क्रीमच्या गाडीपाशी खुर्ची थांबवली. तिघांच्या हातात एकेक कोन दिला. मग दुसऱ्या हातातही एकेक दिला.

"दोन दोन?" क्रेन हरखून म्हणाला.

"हो. आणि टाकायचा नाही. अन्न टाकलेलं मला चालत नाही."

साहेब आले. तीन दांडगे पुरुष दोन्ही हातांत आइस्क्रीम धरून रांगेत उभे आहेत, हे पाहून ते जरा बिचकलेच. पण सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. आत्या निघाली. ऊन बरंच होतं. दुसऱ्या वळणापर्यंत बाबांच्या कोपरांवरून गुलाबी ओघळ सुरू झाले. क्रेननं एक कोन दोन घासांत संपवला आणि हात मोकळा झाल्याबरोबर मी त्याच्या हातात माझा दिला. मला आत्यानं राखीव म्हणून घ्यायला लावला होता, तो याचसाठी.

पायरी आली. आत्या थांबली. सगळे थांबले.

"चला ना," साहेब म्हणाले.

"कशी?"

"मागच्या वेळी गेलात तशीच."

"मागच्या वेळी मी गेले नव्हते, साहेब. हे गेले होते. मी त्यांच्या हातात होते."

साहेबांनी पायरीकडं पाहिलं, मग त्या तिघांकडं. बाबांचे हात शिवशिवत होते. आइस्क्रीम धरलेलं बोट कोनावर आपोआप वाजलं, टकटक, आणि काकांचे गुडघे वाकले. पण हात बरबटलेले. काका तसेच अर्धवट वाकलेले उभे राहिले. कुणी काही करेना. साहेबांना ते बघवेना. "थांबा, त्यात काय," म्हणत ते स्वतःच पुढं झाले, खुर्चीचं एक चाक धरलं आणि जोर लावला. आमची आत्या काही फुलाची पाकळी नाही. एक चाक वर गेलं, दुसरं जमिनीवर, खुर्ची कलली, आत्या ओरडली, "खाली! खाली ठेवा!" साहेबांनी घाईघाईनं ठेवली आणि कंबर धरून ओट्याच्या कडेवर मटकन बसले.

मग आत्याला हसू फुटलं. ती हसायला लागली की चष्मा पुसावा लागतो इतकं हसते. साहेबही हसले. खिशातून रुमाल काढून घाम पुसत ते म्हणाले, "खरं सांगू का? हे तिघे इतकं सफाईनं उचलतात, की इथं पायरी आहे हेच मला मागच्या वेळी दिसलं नाही."

बाबांनी त्यातला पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला. आजही नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, बाग खात्याच्या साहेबांनी स्वतः म्हटलंय. पण त्या दिवशी साहेबांनी ओट्यावर बसूनच फोन लावला, आणि उद्घाटनाच्या आधी पायरीच्या जागी लाकडी उतार बसला. आत्या त्यावरून दोनदा वर गेली, दोनदा खाली आली, आणि "ठीक आहे" म्हणाली. तिच्या तोंडून ठीक आहे म्हणजे आमच्याकडं पदकच.

मग एका दुपारी ती एकटी गेली. एकटी म्हणजे आम्ही सगळे टेम्पोतून फाटकापर्यंत आलो होतोच, पण तिनं तिथंच रेघ मारली. आईनं शाल दिली, पाण्याची बाटली दिली, आणखी काहीतरी द्यायला पिशवीत हात घातला. "वहिनी, मी तळ्यावर चालले आहे, परदेशी नाही," आत्या म्हणाली. आपला फोन तिनं माझ्याकडं दिला. "वाजला तर तू घे. माझ्यासाठी असला तर मी बाहेर गेलेय म्हणून सांग." हे वाक्य तिनं असं चवीनं उच्चारलं, की मला भरून आलं.

ती वळणाआड गेली. बाबा येरझाऱ्या घालायला लागले. त्याच रस्त्यानं एक बाई बाळाची गाडी ढकलत उतरली, एक आजोबा काठी टेकत गेले, आणि काका प्रत्येक परत येणाऱ्याला अडवून विचारत होते, खाली चाकाच्या खुर्चीत कुणी दिसलं का? मग क्रेन टेम्पोच्या टपावर चढला. "काय दिसतंय?" "झाडं." "आणखी?" "आणखी झाडं." बाबा म्हणाले, "मी जाऊन येतो, नुसतं लांबून बघतो." आई म्हणाली, "बसा खाली." बाबा बसले. आईचं ऐकण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

ऊन उतरलं. बाग बंद व्हायची रखवालदाराची शिट्टी झाली, आणि मग कुठं वळणावर आत्या दिसली. केस विस्कटलेले, तोंड लाल, चाकात एक पान अडकलेलं. चढ तिनं सपाट जागांवर थांबत थांबत एकटीनं चढला होता. बाबा धावत पुढं गेले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

"एवढा वेळ काय करत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीच नाही. मधे एकदा वाटलं, चला आता. मग म्हटलं, का? कोण उठवतंय? आणि बसले." ती इतकी खुलली होती, की आम्ही पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर आत्या दर आठवड्याला जाते. कधी दोनदा. कधी पोचल्या पोचल्या परत येते, डास आहेत म्हणते. तेही तिचं तीच ठरवते. पण मला सांगायचंय ते त्यापुढच्या एका सुट्टीचं. त्या दिवशी टेम्पो दुरुस्तीला होता, काम नव्हतं. आत्या बाबांना म्हणाली, "दादा, चल, तुला तळं दाखवते."

"मला? अगं, कितीदा तर गेलोय. तुलाच घेऊन गेलोय!"

"चल तर."

मीही मागून गेले. आत्या पुढं, बाबा तिच्या शेजारी. रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, कठड्याला धरलं, सोडलं. ओट्यावर एक बाक आहे. आत्यानं त्याच्याशेजारी खुर्ची लावली, ब्रेक ओढला आणि बाकाकडं बोट दाखवलं. बाबा अगदी कडेवर बसले, केव्हाही उठावं लागेल असे. हळूहळू मागं रेलले. मग त्यांनी मान वर केली.

"हे केवढं मोठं आहे गं," ते म्हणाले. "आणि ते पलीकडं काय, बेट आहे? ते कधी झालं?"

"पहिल्यापासून आहे."

"मला कसं कधी दिसलं नाही?"

"तू पायऱ्या बघत होतास," आत्या म्हणाली. "मी पडू नये म्हणून. जाताना, येताना, सगळा वेळ."

बाबांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. वारा आला, पाण्यावरची बदकं बेटाच्या आड गेली आणि पलीकडून परत आली. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग आत्यानं बाकाच्या लाकडावर बोटानं वाजवलं. टकटक.

"निघायचं का?"

माझ्या उभ्या आयुष्यात त्या आवाजावर बाबा हलले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

"थांब की जरा," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "घाई काय आहे?"

आत्यानं सैल केलेला ब्रेक परत ओढला.